विवाहातील संमती : रखमाबाई खटला, ख्रिस्तसभेची शिकवण आणि आजचा कायदा

वाशिम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातले किन्हीराजा असो वा विदर्भातले दुसरे कोणतेही गाव, लग्न ठरते ते बहुधा दोन घरांमध्ये. पाहण्याचा कार्यक्रम होतो, वडीलधारी मंडळी बोलतात, देण्याघेण्याचे ठरते आणि सुपारी फुटते. या सर्व घाईत एक प्रश्न पुष्कळदा राहून जातो : मुलीला विचारले का? मुलाला तरी विचारले का? मुलगी खाली मान घालून गप्प बसली, तर तिचे मौन हाच होकार समजला जातो. लग्नानंतर तिने तक्रार केली, तर 'एकदा दिल्या घरी नांदलेच पाहिजे' असे तिला ऐकवले जाते.

स्त्रीपुरुष संबंधांविषयी आज देशभर जी चर्चा चालू आहे, तिचा बराच भाग 'संमती' या एकाच शब्दाभोवती फिरतो. ही चर्चा पाश्चात्त्यांकडून आयात झाली, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वी मुंबईतील एका मराठी तरुणीने हाच प्रश्न न्यायालयात उभा केला होता. ख्रिस्तसभेने तर तो बाराव्या शतकातच विचारात घेतला होता. प्रस्तुत लेखात त्या खटल्याची हकीकत, संमतीविषयी कॅथलिक शिकवण, सध्याचा भारतीय कायदा आणि धर्मग्रामातील कुटुंबांना उपयोगी पडेल अशी माहिती एकत्र दिली आहे.

रखमाबाई आणि दादाजी

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग लवकर निवर्तले. त्यांचे घराणे सुतार समाजातले होते आणि त्या समाजात विधवेला पुनर्विवाहाची मुभा होती. त्यानुसार आई जयंतीबाई यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. डॉ. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित नामवंत वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ होते. रखमाबाईंना शिक्षणाची गोडी लागली ती त्यांच्या घरातील पुस्तकांमुळे.

वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी लावून देण्यात आले. दादाजींनी सासरी राहून शिकावे व पायावर उभे राहावे, अशी अपेक्षा होती. तसे घडले नाही. त्यांनी शिक्षण सोडले व ते आपल्या मामाच्या घरी राहू लागले. रखमाबाई आईकडेच राहिल्या, वाचत राहिल्या, मोठ्या झाल्या. पतीच्या घरी जाण्यास त्यांनी नकार दिला. मला कळत नव्हते त्या वयात हे लग्न झाले, त्यास माझी संमती कधीच नव्हती, अशी त्यांची भूमिका होती.

१८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल केला. पत्नीने आपल्या घरी नांदावयास यावे, असा हुकूम त्यांना हवा होता. खटला चालू असतानाच, १८८५ मध्ये, डॉ. सखाराम अर्जुन यांचे निधन झाले. त्याच वर्षी 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या टोपणनावाने बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर पत्रे प्रसिद्ध झाली. त्यांच्या लेखिका रखमाबाईच होत्या, हे पुढे उघड झाले.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती रॉबर्ट हिल पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. एकत्र नांदलेल्या जोडप्यातील एकजण निघून गेला, तर त्याला परत बोलावण्यासाठी असा दावा असतो. येथे तर सहजीवन सुरूच झाले नव्हते, मग पुनर्स्थापित काय करावयाचे, असा त्यांचा मुद्दा होता. असहाय बालवयात विवाह झालेल्या स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध पुरुषाच्या स्वाधीन करणे हे त्यांना क्रूर वाटले.

या निकालाने महाराष्ट्र ढवळून निघाला. टिळकांच्या पत्रांनी पिन्ही यांच्यावर टीका केली, तर बेहरामजी मलबारी यांच्यासारखे सुधारक रखमाबाईंच्या पाठीशी उभे राहिले. दादाजींनी अपील केले. १८८६ मध्ये मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट व न्यायमूर्ती बेली यांनी पिन्ही यांचा निकाल फिरवून दावा पुन्हा सुनावणीसाठी पाठविला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : महिन्याभरात पतीकडे नांदावयास जावे, अन्यथा सहा महिन्यांचा कारावास भोगावा. रखमाबाईंनी उत्तर दिले की, आपण तुरुंगवास पत्करू, पण त्या घरी जाणार नाही.

त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील इंग्रजी पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला होता. त्यांनी आपल्या पुस्तकात रखमाबाईंची कैफियत जगापुढे मांडली. अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला दावा सोडला आणि रखमाबाईंचा कारावास टळला.

पुढे कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची व इतरांच्या साहाय्याने रखमाबाई लंडनला गेल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. भारतात परतल्यावर सुरत व राजकोट येथे त्यांनी कित्येक वर्षे स्त्रियांची वैद्यकीय सेवा केली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

ही सक्ती आली कोठून?

या खटल्यातील एक बाब ख्रिस्ती वाचकांनी मुद्दाम ध्यानात घेण्याजोगी आहे. पतीच्या घरी नांदण्याची सक्ती करणारा हा दावा मूळचा हिंदू शास्त्रातला नव्हता. न्यायमूर्ती पिन्ही यांनीही हे निदर्शनास आणले होते. हा दावा इंग्लंडच्या धार्मिक न्यायालयांतून आलेला होता. तेथे १८५७ पर्यंत विवाहविषयक वाद चर्चची न्यायालये चालवीत असत. नांदण्याचा हुकूम मोडणाऱ्यास आधी बहिष्कृत केले जाई. १८१३ च्या कायद्याने बहिष्काराऐवजी सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद केली. पुढे इंग्रजी न्यायाधीशांबरोबर हा दावा भारतात आला आणि १८६७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने एका मुस्लिम दांपत्याच्या प्रकरणात तो ग्राह्य धरला.

ज्या १८८४ साली दादाजींनी मुंबईत दावा लावला, त्याच वर्षी इंग्लंडच्या संसदेने आपल्या देशापुरता हा कारावास रद्द केला. म्हणजे मायदेशात जी शिक्षा टाकून देण्यात आली होती, ती मुंबईत एका तरुणीसमोर उभी होती. भारतात असा कारावास १९२३ च्या दुरुस्तीने संपुष्टात आला. इंग्लंडने १९७० मध्ये हा दावाच कायद्यातून काढून टाकला. भारतात मात्र तो आजही आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ याच्या कलम ९ मध्ये तो आहे आणि ख्रिस्ती समाजाला लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्याच्या कलम ३२ मध्येही आहे.

चर्चच्या न्यायालयांत तयार झालेले एक साधन अशा रीतीने एका स्त्रीच्या विवेकावर चालविले गेले. ते इंग्लंडच्या न्यायालयांचे होते, रोमचे नव्हते, असे म्हणून आपल्याला सहज हात झटकता येणार नाहीत. 'विवाहाचे पावित्र्य' या शब्दांच्या आडून सक्ती करण्याचा मोह कोणत्याही ख्रिस्ती समाजाला होऊ शकतो, एवढा बोध त्यातून घ्यावयास हवा.

संमतिवयाचा कायदा आणि त्यानंतर

रखमाबाई खटल्याने पेटलेला वाद शमला नव्हता, तोच बंगालमध्ये फुलमणी या सुमारे दहाअकरा वर्षांच्या मुलीचा पतीच्या शरीरसंबंधामुळे मृत्यू झाल्याचे १८९० मध्ये उघडकीस आले. प्रचलित कायद्यानुसार संमतिवय दहा वर्षे असल्याने पतीवर बलात्काराचा गुन्हा लागू होऊ शकला नाही. या पार्श्वभूमीवर १९ मार्च १८९१ रोजी संमतिवय बारा वर्षे करणारा कायदा संमत झाला. सरकारने धर्मात हात घालू नये, या भूमिकेतून टिळकांनी त्यास कडाडून विरोध केला. आगरकरांनी 'सुधारक'मधून समर्थन केले.

तेव्हापासूनचा प्रवास थोडक्यात असा :

१८६० – भारतीय दंड संहितेत संमतिवय १० वर्षे.
१८९१ – संमतिवय १२ वर्षे.
१९२९ – सारडा कायदा : विवाहासाठी मुलीचे किमान वय १४, मुलाचे १८.
१९४० – संमतिवय १६ वर्षे. पत्नीच्या बाबतीत मात्र १५.
१९७८ – विवाहाचे किमान वय मुलीसाठी १८, मुलासाठी २१.
२००६ – बालविवाह प्रतिबंधक अधिनियम. १ नोव्हेंबर २००७ पासून अंमल.
२०१२ – पॉक्सो कायदा : अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक, अशा बालकाची संमती कायद्याला मान्य नाही.
२०१७ – सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय : पत्नी अठरा वर्षांखालील असेल, तर तिच्याशी पतीने ठेवलेला शरीरसंबंधही बलात्कारच.

कायदा पुढे गेला, समाज तितका गेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झाला होता. म्हणजे जवळजवळ पाचांपैकी एक.

विदर्भाचेही एक प्रकरण येथे नमूद करणे अगत्याचे आहे. १९७२ मध्ये देसाईगंज (आता गडचिरोली जिल्हा) येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिच्या अंगावर जखमा नाहीत व तिने आरडाओरड केल्याचे दिसत नाही, या कारणांवरून १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धगमवार या चार विधिज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून विचारले की, भीतीपोटी गप्प राहणे ही संमती कशी होऊ शकते? त्यातून देशव्यापी आंदोलन उभे राहिले व १९८३ मध्ये बलात्कारविषयक कायद्यात दुरुस्ती झाली. शरण जाणे वेगळे आणि संमती देणे वेगळे, हा विचार भारतीय कायद्यात रुजला तो या आंदोलनानंतर.

ख्रिस्तसभा काय शिकविते?

विवाह कशाने होतो? वडिलांनी मुलगी दिल्याने, धर्मगुरूंनी आशीर्वाद दिल्याने, की एकत्र राहिल्याने? इ.स. ८६६ मध्ये बल्गेरियाच्या लोकांनी असेच प्रश्न पाठविले, तेव्हा पोप पहिले निकोलस यांनी उत्तर दिले की, इतर सारे विधी राहून गेले तरी वधूवरांची संमती हवीच. बाराव्या शतकात विद्वानांमध्ये याविषयी मतभेद होते. पॅरिसचे पीटर लोंबार्ड यांनी संमतीवर भर दिला, तर बोलोन्याचे ग्रेशियन यांनी शरीरमीलनासही महत्त्व दिले. पोप तिसरे अलेक्झांडर (११५९–११८१) यांनी वादाचा निकाल लावला. विवाह संमतीने होतो, शरीरमीलनाने तो पूर्णत्वास जातो, हे सूत्र तेव्हापासून आजतागायत कायम आहे.

१९८३ च्या कॅनन कायद्यात ही शिकवण पुढीलप्रमाणे मांडली आहे :

कॅनन १०५७ – विवाह वधूवरांच्या संमतीने होतो. ही संमती कोणतीही मानवी सत्ता त्यांच्या वतीने देऊ शकत नाही. आईवडील नाहीत, पंच नाहीत, धर्मगुरूही नाहीत.

कॅनन १०९५ – विवाहाची कर्तव्ये समजण्याची किंवा पार पाडण्याची मानसिक पात्रता नसेल, तर दिलेली संमती अपुरी ठरते.

कॅनन १०९८ – गंभीर बाब लपवून, फसवून मिळविलेली संमती विवाह घडवीत नाही.

कॅनन ११०३ – बळजबरीने किंवा बाहेरून आलेल्या गंभीर भीतीपोटी झालेला विवाह अवैध असतो. भीती घालणाऱ्याचा उद्देश विवाहाचा नसला तरीही.

कॅनन १०६१ – विवाहाची पूर्तता 'मानवी रीतीने' झालेली असावी लागते. जबरदस्तीचा संग या व्याख्येत बसत नाही.

कॅनन ११३५ – दांपत्यजीवनात पतीपत्नींचे हक्क व कर्तव्ये समान आहेत.

वयाच्या बाबतीत सार्वत्रिक कॅनन कायद्याने मुलासाठी सोळा व मुलीसाठी चौदा ही किमान मर्यादा ठेवली आहे. भारतात याचा आधार घेऊन कोणी लवकर लग्न लावू पाहील, तर ती चूक होय. देशाच्या कायद्याला मान्य होऊ न शकणाऱ्या विवाहासाठी कॅनन १०७१ नुसार महागुरुस्वामींची परवानगी लागते. शिवाय भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ याच्या कलम ६० मध्येही वराचे वय २१ व वधूचे १८ असे नमूद आहे.

लग्नानंतरची संमती

वेदीसमोर एकदा 'होय' म्हटले की पुढे पत्नीला 'नाही' म्हणताच येत नाही, असा समज आपल्या कुटुंबांत आढळतो. त्यासाठी संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सातवा अध्याय पुढे केला जातो. तो अध्याय पूर्ण वाचला, तर वेगळेच चित्र दिसते. पत्नीच्या शरीरावर पतीचा अधिकार आहे असे म्हणणारा पौल लगेच पुढे पतीच्या शरीरावर पत्नीचाही तोच अधिकार सांगतो. पुरुषसत्ताक रोमन जगात हे वाक्य धक्कादायक होते. एकमेकांपासून दूर राहावयाचे तर ते दोघांच्या संमतीने, असेही तो लिहितो. म्हणजे जेथून सक्तीचा आधार काढला जातो, तेथेच परस्पर संमतीचा उल्लेख आहे.

२५ जुलै १९६८ रोजी पोप सहावे पॉल यांनी स्वाक्षरी केलेले 'ह्युमाने विटे' हे विश्वपत्र संततिनियमनाच्या प्रश्नामुळे गाजले. त्याच्या तेराव्या परिच्छेदातील एक महत्त्वाची गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात राहिली नाही. जोडीदाराची स्थिती व रास्त इच्छा लक्षात न घेता त्याच्यावर लादलेला शरीरसंबंध ही प्रेमाची कृती नव्हे, तो नीतीचा भंग होय, असे पोपमहोदयांनी तेथे स्पष्ट केले आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ ते १९८४ या काळातील बुधवारच्या प्रबोधनमालेत सांगितले की, शरीर हे उपभोगाची वस्तू नसून आत्मदानाची भाषा आहे. दान म्हटले की ते स्वेच्छेचेच असणार. हिसकावून घेतलेल्या वस्तूला कोणी दान म्हणत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया' या प्रबोधनपत्रात 'ह्युमाने विटे'तील तोच परिच्छेद पुन्हा उद्धृत केला आणि लैंगिक संबंधातील सर्व प्रकारची गुलामगिरी नाकारली.

रखमाबाईंच्या खटल्यातील मूळ प्रश्न पुन्हा समोर येतो : पत्नीने नांदलेच पाहिजे का? कॅनन ११५१ सांगतो की, पतीपत्नींनी एकत्र राहणे हे कर्तव्य आहे, मात्र योग्य कारण असल्यास ते लागू राहत नाही. योग्य कारण कोणते, ते कॅनन ११५३ मध्ये आहे. जोडीदार दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या शरीराला वा मनाला गंभीर धोका निर्माण करीत असेल किंवा सहजीवन असह्य करीत असेल, तर विभक्त होण्यास रास्त कारण आहे. महागुरुस्वामींच्या निर्णयाने, आणि उशीर करणे धोक्याचे असेल तर स्वतःच्या निर्णयानेही, ती व्यक्ती घर सोडू शकते. 'आमोरिस लेतित्सिया'च्या २४१ व्या परिच्छेदात तर अशा वेळी विभक्त होणे नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरू शकते, असे म्हटले आहे. विवाहबंधन अतूट असणे म्हणजे मारहाण सोसत राहणे नव्हे. क्षमा केली म्हणून त्या घरात परत जाणे बंधनकारक होत नाही.

आजचे वाद

आजच्या चर्चेत चार प्रश्न वारंवार पुढे येतात.

पहिला, विवाहांतर्गत बलात्काराचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये पतीसाठीचा अपवाद कायम आहे. पत्नी अठरा वर्षांवरील असेल, तर तिच्या इच्छेविरुद्धचा संबंध 'बलात्कार' ठरत नाही. ११ मे २०२२ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या अपवादावर परस्परविरुद्ध निकाल दिले व प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने अपवाद रद्द करण्यास विरोध दर्शविला. कायद्याने काय शिक्षा असावी यावर सुजाण माणसांत मतभेद होऊ शकतात. ते कृत्य पाप आहे की नाही, याविषयी मात्र 'ह्युमाने विटे'नंतर कॅथलिकांना संदिग्धतेस जागा नाही.

दुसरा, नांदण्याच्या दाव्याचा. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने कलम ९ घटनाबाह्य ठरविले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले. २०१९ मध्ये या तरतुदीला पुन्हा आव्हान देण्यात आले. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पतीने नांदण्याचा हुकूम मिळविला तरी रास्त कारणाने दूर राहणाऱ्या पत्नीचा पोटगीचा हक्क आपोआप जात नाही.

तिसरा, संमती पुरेशी आहे काय, हा. दोन प्रौढ व्यक्ती राजी असतील तर इतरांनी बोलण्याचे कारण नाही, असे आधुनिक विचार मानतो. महाराष्ट्रात या विचाराचे धीट प्रवर्तक र. धों. कर्वे होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ ते १९५३ या काळात 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. लैंगिक संबंधाचे मोजमाप विवाहाने नव्हे तर आरोग्य व परस्पर खुशीने करावे, ही कर्वे यांची भूमिका ख्रिस्तसभेला मान्य होण्यासारखी नाही. ख्रिस्तसभेच्या मते संमती आवश्यक आहे, परंतु पुरेशी नाही. तिच्याबरोबर आजन्म निष्ठा हवी, जीवनाचे स्वागत हवे व दुसऱ्याच्या कल्याणाची जबाबदारी हवी. मात्र संमती पुरेशी नाही असे शिकविताना ती आवश्यक आहे हे सांगावयाचे आपण विसरलो, तर ऐकणाऱ्यांस आपली शिकवण अर्धीच पोहोचते. स्त्रीला स्वतःच्या शरीराविषयी ज्ञान व मत असावे, हा कर्वे यांचा आग्रह मतभेद बाजूला ठेवूनही ऐकण्याजोगा आहे.

चौथा, लैंगिक शिक्षणाचा. मुलांशी या विषयावर बोलले तर ती बिघडतील, ही भीती जुनी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या ख्रिस्ती शिक्षणविषयक घोषणापत्रात मुलांना वयानुरूप लैंगिक शिक्षण द्यावे असे म्हटले आहे. 'आमोरिस लेतित्सिया'त २८० पासूनचे परिच्छेद याच विषयावर आहेत. घरात मौन असेल तर मोबाइल फोन शिकवितो, आणि तो जे शिकवितो त्यात आदर क्वचितच असतो.

ख्रिस्ती घटस्फोट कायदा

१८६९ च्या कायद्यानुसार ख्रिस्ती पतीला केवळ पत्नीचा व्यभिचार सिद्ध करून घटस्फोट मिळे. पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्याग असे दुसरे कारणही सिद्ध करावे लागे. मार खाणाऱ्या पत्नीला केवळ मारहाणीच्या कारणाने सुटका नव्हती. १९९५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने व १९९७ मध्ये प्रगती वर्गीस प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ही विषमता घटनाबाह्य ठरविली. २००१ च्या दुरुस्तीने पतीपत्नींना समान आधार मिळाले.

एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. धर्मप्रांतीय न्यायासनाने विवाह अवैध असल्याचा निर्णय दिला, तरी दिवाणी कायद्यात तो विवाह संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये व पुन्हा जानेवारी २०१७ मध्ये हे स्पष्ट केले आहे. केवळ ख्रिस्तसभेच्या निर्णयावर पुनर्विवाह केल्यास द्विभार्याविवाहाचा गुन्हा लागू शकतो. उलट, न्यायालयाचा घटस्फोट मिळाला म्हणून ख्रिस्तसभेत पुनर्विवाहाची मोकळीक मिळत नाही. दोन्ही प्रक्रिया स्वतंत्र आहेत.

धर्मग्रामात काय करता येईल?

लग्न ठरण्यापूर्वी : मुलगा व मुलगी या दोघांना घरच्यांच्या अनुपस्थितीत, विश्वासातील व्यक्तीने विचारावे. विवाहपूर्व चौकशीत धर्मगुरू वधूवरांना स्वतंत्रपणे प्रश्न विचारतात, ते यासाठीच. पत्रिका छापून झाल्या, मंडप ठरला, म्हणून तेथे खोटे उत्तर देऊ नये. चौकशीच्या दिवशी दिलेला नकार घराला काही दिवस लाज आणील. वेदीसमोर भीतीने दिलेला होकार दोन आयुष्ये मोडू शकतो.

बालविवाहाची माहिती मिळाल्यास : महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. त्यांना किंवा १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवावे.

घरात हिंसा असल्यास : कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. शारीरिक व मानसिक छळाबरोबर लैंगिक छळाचाही त्यात समावेश आहे. संरक्षण आदेश, राहत्या घरात राहण्याचा हक्क व आर्थिक मदत यांसाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. संरक्षण अधिकारी त्यासाठी साहाय्य करतात. महिलांसाठी मदत क्रमांक १८१ आहे.

बालकावर अत्याचार झाल्यास : पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, ज्याला माहिती असेल अशा प्रत्येकाने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. आरोपी नातेवाईक असो, शिक्षक असो वा धर्मसेवक, कुटुंबाच्या अथवा संस्थेच्या अब्रूसाठी प्रकरण दडपणे हा गुन्हा आहे. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी काढलेल्या आदेशाने धर्मगुरू व व्रतस्थांना अशी माहिती ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांस देणेही बंधनकारक केले.

समेट घडविताना : भांडण व अत्याचार यांत फरक करावा. भांडणात दोघांना समोरासमोर बसवून समजूत घालता येते. अत्याचारात, अत्याचार करणाऱ्यासमोर त्या स्त्रीला मोकळेपणाने बोलताच येत नाही. तिला आधी एकटीला ऐकावे, तिच्या व मुलांच्या सुरक्षिततेची सोय पाहावी. परत जाण्याचा आग्रह धरू नये.

उपसंहार

ज्या १९५५ साली रखमाबाई निवर्तल्या, त्याच वर्षी वाशिम परिसरातील भाविक ज्या धर्मप्रांतात येतात त्या अमरावती धर्मप्रांताची स्थापना झाली. त्यानंतरच्या पिढ्यांत आपल्या मुली शिकल्या, परिचारिका व शिक्षिका झाल्या, गाव सोडून शहरात गेल्या. तरीही माहेरी परत आलेल्या मुलीकडे आपण आजही कसे पाहतो, हा प्रश्न उरतोच. मुंबईच्या न्यायालयात एक तरुणी एवढेच म्हणत होती की, मला कोणी विचारले नव्हते. तिला ते सांगण्यासाठी तुरुंगाची तयारी ठेवावी लागली.

आपल्या घरातल्या मुलीला तशी पाळी येऊ नये. लग्नाची बोलणी सुरू होण्याआधी तिला जवळ बसवून विचारावे, आणि तिने 'नाही' म्हटले तर ते उत्तर म्हणून स्वीकारावे. ख्रिस्तसभेच्या शिकवणीनुसार तिच्या होकारावाचून विवाह होतच नाही.